खापरात दिसणारे मडके

उन्हाळ्याची चाहूल लागली की ढोकीच्या बाजारात माठ, घागरी आणि रांजण मांडले जातात. गिऱ्हाईक उभ्यानेच एखाद्या माठाकडे बोट दाखविते, टिचकी मारून त्याचा नाद ऐकते, आत डोकावते आणि भावाला सुरुवात करते. या सबंध व्यवहारात एक गोष्ट इतकी निःशंकपणे गृहीत धरलेली असते की तिचा उच्चारही कोणी करीत नाही. ती ही की माठाचे तोंड गोल आहे. परंतु उभ्या माणसाच्या डोळ्यात त्या तोंडाची जी प्रतिमा उमटते ती वर्तुळाकार नसते. ती चपटी, लांबट, अंड्याच्या आकारासारखी असते. दोन पावले मागे सरावे तो अधिक चपटी होते, पुढे वाकावे तो थोडी फुगते, आणि ओळंब्याच्या रेषेत बरोबर वरून पाहावे तेव्हाच काय ती वर्तुळ होते. म्हणजे बाजारातून हिंडताना आपल्या डोळ्यातील माठाचे तोंड क्षणोक्षणी आकार पालटीत असते, आणि तरीही ते पालटते आहे असे आपल्याला वाटत नाही.

रॉबर्ट थाउलेस या मानसशास्त्रज्ञाने १९३१ साली हा विषय कसोटीला लावला. तिरकी ठेवलेली गोल तबकडी लोकांना दाखवून ती दिसते तशीच, नेमक्या त्याच आकाराची, दाखवून द्या, असे त्याने सांगितले. लोकांनी दाखविलेला आकार डोळ्यातील प्रत्यक्ष प्रतिमेहून गोलाकडे झुकलेला होता. डोळ्यात काय उमटते ते पाहण्याचा प्रयत्न जाणूनबुजून केला तरी समोर काय आहे याचे ज्ञान मध्ये येतेच.

याहून मोठे आश्चर्य पाहावयाचे असेल तर ढोकी स्थानकावर उतरून तेरणाकाठच्या तेरला जावे. पहिल्या-दुसऱ्या शतकात रोमकडे माल पाठविणाऱ्या ज्या तगर नगराचा उल्लेख ग्रीक भाषेतील पेरिप्लस या प्रवासवर्णनात आला आहे, ते तगर म्हणजेच हे तेर. तेथील मातीतून निघालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर निष्ठेने गोळा केल्या, आणि त्यांच्या नावाचे पुराणवस्तुसंग्रहालय आज गावात उभे आहे. अशा प्राचीन स्थळी फुटकी खापरे विपुल सापडतात. जाणत्या संशोधकाच्या हाती तळहाताएवढे खापर, म्हणजे काठाचा एक तुकडा आणि खाली मानेची थोडी उतरण, एवढे आले की संपूर्ण मडके त्याच्या दृष्टीपुढे उभे राहते: तोंड किती रुंद, पोट किती फुगीर, बूड बसके की गोल. त्याची विद्या दीर्घ अभ्यासाची आहे हे खरे. परंतु तिच्या मुळाशी असलेली शक्ती, तुकड्यावरून अखंड आकार उभा करण्याची शक्ती, प्रत्येक डोळस माणसाजवळ असते आणि ती दिवसभर अव्याहत राबत असते.

डोळ्यात आकार नसतो

डोळ्याच्या मागील बाजूस आतून अस्तरासारखा जो पातळ पडदा असतो त्याला दृष्टिपटल म्हणतात. त्यावर बाहेरील जगाची प्रतिमा उलटी आणि सपाट पडते. या पडद्यात प्रकाश टिपणाऱ्या पेशी आहेत: अंधुक उजेडात काम करणाऱ्या सुमारे १० ते १२ कोटी, आणि भर उजेडात बारकावा व रंग टिपणाऱ्या सुमारे ६० लाख. यांपैकी कोणत्याही एका पेशीला माठाची वार्ता नसते. तिला एवढेच कळते की आपल्या अंगावर अमुक इतका प्रकाश पडला. 'गोल', 'चौकोनी', 'वाकडे' हे गुण एका ठिपक्यात असू शकत नाहीत. ते ठिपक्याठिपक्यांच्या परस्परसंबंधांत असतात, आणि हा संबंध जोडणारे कोणी असल्याखेरीज दृष्टिपटलावरील प्रतिमा ही केवळ उजेडाची विखुरलेली नोंद होय.

ही नोंद मेंदूकडे नेणाऱ्या दृष्टिचेतेत प्रत्येक डोळ्यामागे सुमारे १० लाख तंतूच असतात. कोट्यवधी पेशींचा मजकूर दहा लाख तंतूंवरून न्यावयाचा म्हणजे निवड करणे आले. ही निवड कशी होते ते स्टीफन कुफ्लर याने १९५३ साली मांजराच्या डोळ्यावर प्रयोग करून दाखविले. दृष्टिपटलातून मेंदूकडे संदेश धाडणारी प्रत्येक पेशी एका चिमुकल्या वाटोळ्या क्षेत्रावर लक्ष ठेवून असते. त्या क्षेत्राच्या मध्यभागी प्रकाश पडला की काही पेशी चेततात आणि भोवतालच्या कड्यावर पडला की दबतात, तर काहींचे याच्या उलट होते. मध्यावर आणि कड्यावर सारखाच प्रकाश असेल तर दोन्ही परिणाम एकमेकांना जवळजवळ पुसून टाकतात आणि पेशी बव्हंशी स्वस्थ राहते. परंतु त्या क्षेत्रातून उजेड-अंधाराची सीमा गेली की पेशी जोराने बोलू लागते. माठाच्या सपाट तांबड्या पोटाविषयी डोळा फारसे कळवीत नाही. पोट जेथे संपते आणि मागची भिंत सुरू होते तेथील फरक तो आवर्जून कळवितो. माठ उन्हात असो की सावलीत, उजेड कमीजास्त होतो पण ही सीमा जागची हलत नाही. म्हणून आकाराच्या ज्ञानाला तिच्याइतका भरवशाचा दुसरा आधार नाही.

हद्दीची नोंद

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल हे दोन तरुण संशोधक १९५८ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कुफ्लरच्याच प्रयोगशाळेत काम करीत होते. मेंदूच्या पाठीमागील भागात, जेथे डोळ्याचा संदेश प्रथम पोहोचतो त्या प्राथमिक दृष्टिक्षेत्रात, एकेका पेशीचे बोलणे ते सूक्ष्म तारेने ऐकत. काचपट्टीवर काळा ठिपका काढून तो मांजराच्या डोळ्यापुढे धरावा, हलवावा, असा क्रम चालला होता. पेशी मात्र काही केल्या दाद देईना. अखेर एकदा काचपट्टी यंत्रात सरकविताना पेशी एकाएकी तडतडू लागली. ठिपक्याचा याच्याशी काहीही संबंध नव्हता. काचपट्टीच्या कडेची अंधुक सरळ सावली पडद्यावरून सरकली होती, आणि तीही एका विशिष्ट कलानेच. त्यावरून निष्पन्न झाले की या क्षेत्रातील पेशी रेषांच्या आणि कडांच्या शोधात असतात, आणि प्रत्येकीचा कल ठरलेला असतो: कोणी उभ्या कडेला प्रतिसाद देते, कोणी आडव्या, कोणी तिरप्या. या संशोधनमालेबद्दल दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ढोकी-तेरचा हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत ज्या निजामी महसूल व्यवस्थेखाली होता तिचा दाखला येथे उपयोगी पडेल. गावचा पटवारी आपल्या हद्दीपुरते लिहून ठेवी. तेरणेच्या काठावरील पटवाऱ्याच्या दफ्तरात अखंड नदी कधीच नसे. आपल्या गावच्या शिवारात तिचा काठ कोठून कोठे जातो, एवढाच तपशील असे. त्याच्यावरचा गिरदावर शेजारशेजारच्या गावांची दफ्तरे ताडून पाही आणि हा काठ त्या काठाला लागून आहे, असे ठरवी. आणि तहसिलीत पोहोचेपर्यंत कोठे त्या तुकड्यांची मिळून एक वाहती नदी होई. प्राथमिक दृष्टिक्षेत्रातील पेशी ह्या अशा पटवारी होत. 'माझ्या शिवारात तिरपी कड आहे', एवढीच त्यांची नोंद. तिच्यावरून माठ ओळखणे हे वरच्या कचेऱ्यांचे काम, आणि मेंदूत अशा कचेऱ्यांची साखळी डोक्याच्या मागून कानाच्या दिशेने पुढे पसरलेली आहे.

वळण म्हणजे मजकूर

या साखळीत पुढे गेल्यावर पेशींची आवड पालटते. चौथ्या दृष्टिक्षेत्रातील पेशींचा अभ्यास अनिता पशुपती आणि चार्ल्स कॉनर यांनी १९९९ पासून माकडांवर केला, तेव्हा असे आढळले की तेथील अनेक पेशी सरळ कडेपेक्षा वळणाला प्रतिसाद देतात, आणि तेही ते वळण आकृतीच्या कोणत्या बाजूला आहे हे लक्षात घेऊन. एखादी पेशी आकृतीच्या वरच्या उजव्या बाजूचा टोकदार फुगवटा पाहून चेतते. दुसरी डाव्या बाजूचा खोलगट बाक पाहून. अशा अनेक पेशींच्या साक्षी एकत्र केल्या म्हणजे आकृतीचा जणू लेखी मसुदा तयार होतो: वर आत वळलेली मान, मधे दोन्ही अंगांनी फुगवटा, तळाशी बसके बूड. मेंदूत माठाचे चित्र साठविलेले नसते. वळणांची आणि त्यांच्या स्थानांची ही यादी साठविलेली असते, असे आज मानण्यास सबळ आधार आहे.

वळणालाच एवढे महत्त्व का, याचे उत्तर फ्रेड अॅटनीव्ह याने १९५४ सालीच दिले होते. सरळ रेषा पुढे कशी जाणार हे आधीच कळलेले असते. तिच्यातून नवीन काही कळत नाही. ती जेथे वळते तेथेच काही नवे घडते. हे पटविण्यासाठी त्याने निजलेल्या मांजराच्या चित्रातील अधिकात अधिक वळणाचे ३८ बिंदू निवडले, ते केवळ सरळ रेषांनी जोडले, आणि मांजर निःसंशय ओळखू आले.

पुढे १९८४ साली डोनाल्ड हॉफमन व व्हिटमन रिचर्ड्स यांनी यात एक मोलाची भर घातली. वस्तूची कड जेथे आत दबते, तेथे आपली दृष्टी तिचे भाग पाडते. याचे कारण साधे आहे: दोन वेगळ्या वस्तू एकमेकीत रुतल्या तर त्यांच्या सांध्याशी घळ पडते, म्हणून घळ दिसली की तेथे दोन भाग जुळले असावेत, असे अनुमान दृष्टी करते. घागरीची मान आणि पोट हे दोन भाग आपण का मानतो? ती तर एकाच मातीची, एकाच चाकावर फिरलेली, अखंड. पण मान आणि पोट यांच्या मधे घळ आहे. काठ, मान, खांदा, पोट, बूड ही जी नावे कुंभार वापरतो आणि ज्यांच्या आधारे पुरातत्त्वज्ञ खापरांचे वर्गीकरण करतो, त्यांच्या सीमा बव्हंशी अशा वळणांवरच पडलेल्या असतात. मला या विषयातील हा भाग सर्वांत मनोहर वाटतो: तेर येथे दोन हजार वर्षांपूर्वी चाकावर बसलेल्या कुंभाराची दृष्टी आणि आजच्या संशोधकाची दृष्टी मडक्याचे भाग एकाच ठिकाणी पाडते, कारण दोघांच्या मेंदूचा कायदा एक आहे. काठाचे खापर इतके बोलके असते तेही याचमुळे. वळणे त्यातच दाटलेली असतात. पोटाच्या मधल्या तुकड्यावरून मडके सांगणे जाणत्यालाही अवघड जाते.

ही कड कोणाची?

माठ एकावर एक, एकापुढे एक मांडलेले असले की पुढचा मागच्याला झाकतो. डोळ्यातील प्रतिमेत मागचा माठ म्हणजे चंद्रकोरीसारखा एक तुकडा. परंतु बाजारात कोणालाही कोरीच्या आकाराचा माठ दिसत नाही. यासाठी मेंदूला एक निवाडा करावा लागतो, आणि तो जमिनीच्या बांधाच्या तंट्यासारखाच असतो: दोन क्षेत्रांमधली ही कड कोणाच्या मालकीची? ती पुढच्या माठाची ठरली तर मागचा माठ तिच्यापाशी संपत नाही, तो पाठीमागे चालू राहतो. डेन्मार्कच्या एडगर रुबिन याने १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या चित्रात कधी मधला चषक दिसतो, कधी समोरासमोरचे दोन चेहरे. कड तीच, पण ती एका वेळी एकाचीच होऊ शकते. पुढे २००० साली रुडिगर फॉन डर हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की मेंदूच्या दुसऱ्या दृष्टिक्षेत्रातील कित्येक पेशी कडेबरोबर तिची मालकीही नोंदवितात.

या निवाड्याचा पुरावा सांध्यांत असतो. झाकलेल्या माठाची कड पुढच्या माठाच्या कडेला जेथे जाऊन थडकते तेथे एक रेषा थांबते आणि दुसरी अखंड पुढे जाते. थांबलेली रेषा मागची, चालू राहिलेली पुढची, हा नियम आपण कोणाकडून शिकलेलो नसतो, तरी क्षणात वापरतो.

कधी कधी तर कड मुळात नसतानाही मेंदू ती पाहतो. इटलीच्या गाएतानो कानिझ्सा याने १९५५ साली तीन काळ्या तबकड्यांना खाचा पाडून त्या अशा मांडल्या की मधे एक शुभ्र त्रिकोण लखलखताना दिसतो. त्याच्या बाजू कागदावर कोठेही नसतात. दुसऱ्या दृष्टिक्षेत्रातील काही पेशी अशा अस्तित्वात नसलेल्या रेषेलाही प्रतिसाद देतात, हे झूरिकच्या संशोधकांनी १९८४ साली माकडांमध्ये दाखविले. आपल्या अंगणातील ठिपक्यांची रांगोळी याच शक्तीवर उभी आहे. रेषा काढण्यापूर्वीच, नुसते ठिपके मांडून झाले असताना, रांगा, चौकटी आणि तिरपे पट्टे दिसू लागतात; जवळचे जवळच्याशी आणि सरळ रेषेत येणारे एकमेकांशी जुळतात. माक्स व्हेर्टहायमर याने १९२३ साली जे नियम सूत्ररूपाने मांडले, त्यांचा प्रत्यय रोज पहाटे उंबऱ्यापुढे येतो.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मेंदूत खालून वर केवळ अहवालच जातात असे नाही; वरून खाली हुकूमही येतात, आणि ते वाहणारे तंतू थोडेथोडके नाहीत. 'हा माठ असावा' असे वर ठरले की खालच्या पटवाऱ्यांना 'तुमच्या शिवारात कड असली पाहिजे, पुन्हा पाहा' असे फर्मान सुटते. अंधुक उजेडात एकदा ओळख पटल्यावर तीच वस्तू अधिक ठळक दिसू लागते, ती यामुळे.

उजेड वरून येतो

कडेने बाह्याकृती कळते. पण पोट फुगलेले आहे की खोल गेले आहे हे कडेवरून नेहमी कळत नाही. तेथे छायाप्रकाश साक्षीला येतो. वरचा भाग उजळ आणि खालचा काळसर असेल तर फुगवटा. उलट असेल तर खड्डा. या निष्कर्षामागे एक गृहीत आहे, ते म्हणजे उजेड वरून येतो. आणि सूर्याखाली वाढलेल्या प्राणिमात्राला ते सहज शोभण्यासारखे आहे. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत या गृहीताची छाननी केली. त्यांत आढळले की मेंदूचे 'वर' हे मुख्यतः डोक्याच्या दिशेवरून ठरते, आकाशाच्या नव्हे.

तेर येथे सातवाहनकाळी पांढऱ्या मातीच्या मूर्ती दुहेरी साच्यातून काढीत, हे तेथील कारागिरीचे वैशिष्ट्य मानले जाते. मुखवट्याचा साचा म्हणजे आत गेलेला चेहरा. असा पोकळ चेहरा थोड्या अंतरावरून पाहिला तर तो हटकून बाहेर आलेला दिसतो. आत गेलेले नाक मेंदूने आयुष्यात पाहिलेले नसते. म्हणून या ठिकाणी चेहऱ्याविषयीचे ज्ञान छायेच्या साक्षीवर मात करते.

| घरी करून पाहण्याजोगे |
|---|
| कोरीव अक्षरे: दगडात खोल कोरलेल्या लेखाचे, वरून उजेड पडत असताना काढलेले छायाचित्र उलटे धरावे. अक्षरे उठावाची दिसू लागतात. |
| खळगा की उंचवटा: वाळूतील पाऊलखुणेचे छायाचित्र टेबलावर उलटे ठेवावे, पाठ फिरवून वाकावे आणि दोन पायांमधून पाहावे. चित्र आणि डोके दोन्ही उलटी झाल्याने खळगा पुन्हा खळगाच दिसतो. |
| चौकोन: कागदाचा चौरस टोकावर उभा धरावा. तो आता शंकरपाळ्यासारखा वाटतो, जणू दुसरीच आकृती. बाजू त्याच, कोन तेच. मेंदूने 'वर' आणि 'खाली' ठरवून यादी नव्याने लिहिली एवढेच. |

हाताला कळणारा आकार

१९८८ साली विषारी वायूने मेंदूला इजा झालेल्या एका स्त्रीची हकिकत मेल्विन गुडेल आणि डेव्हिड मिल्नर यांनी १९९१ साली प्रसिद्ध केली. तिला रंग कळत, पोत कळे. परंतु समोरची वस्तू चौकोनी आहे की लांबट, फट उभी आहे की तिरपी, हे सांगता येत नसे. मात्र तिच्या हाती कार्ड देऊन त्या फटीत टाका असे म्हटले की तिचा हात वाटेतच योग्य कलाने वळे आणि कार्ड नेमके आत जाई. तात्पर्य, आकार ओळखणारा आणि आकारानुसार हात चालविणारा असे दोन मार्ग मेंदूत आहेत, आणि पहिला खंडित झाला तरी दुसरा चालू राहू शकतो.

आकार शिकावा लागतो

डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू याने १६८८ साली तत्त्वज्ञ जॉन लॉक याला एक प्रश्न लिहून पाठविला होता: जन्मांध माणसाला स्पर्शाने गोल आणि घन यांतील भेद ठाऊक आहे, त्याला एकाएकी दृष्टी आली तर केवळ पाहून तो त्यांना ओळखील काय? सव्वातीनशे वर्षे हा प्रश्न वादाचा राहिला, आणि त्याला प्रयोगाचे उत्तर मिळाले ते भारतात. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील पवन सिन्हा यांनी 'प्रकाश' नावाचा उपक्रम उभा केला. जन्मापासून मोतीबिंदूसारख्या विकाराने अंध राहिलेल्या, वेळीच उपचार न मिळालेल्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया करावयाच्या, आणि त्यांची दृष्टी कशी उलगडते याचा अभ्यास करावयाचा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेचच आधी हाताळलेला ठोकळा दोनांतून डोळ्यांनी निवडण्यास सांगितले. त्यांची निवड जवळजवळ अंदाजाने केल्यासारखी निघाली. स्पर्शाचा गोल आपोआप डोळ्याचा गोल झाला नाही. परंतु ज्यांची पुन्हा परीक्षा घेता आली त्यांना थोड्याच दिवसांत हे साधू लागले.

त्याआधी २००९ साली प्रसिद्ध झालेले निरीक्षण मला अधिक अर्थपूर्ण वाटते. नव्याने दृष्टी आलेल्यांना एकमेकांवर पडलेले वर्तुळ आणि चौकोन दाखविले तर त्यांना दोन आकृती दिसत नसत. जेथे जेथे रेषा रेषेला छेदते तेथे तेथे ते चित्राचे तुकडे पाडीत, आणि वस्तूवरची सावलीची सीमासुद्धा त्यांना वेगळी वस्तू वाटे. पटवाऱ्यांच्या नोंदी चोख होत्या, त्यांना जोडणारी कचेरी अजून बसलेली नव्हती. मग त्यांतील एक आकृती हलविली. हलताच तिचे सारे तुकडे एकदम एका दिशेने निघाले, आणि आजवर न जुळलेले ते तुकडे एक वस्तू म्हणून दिसू लागले. काही महिन्यांनी, वर्ष-दीड वर्षाने, पुन्हा पाहिले तेव्हा स्थिर चित्रातही ते आकृत्या वेगळ्या काढू लागले होते. लहानपणाचा काळ उलटून गेल्यावर आलेल्या दृष्टीला आकार कधीच कळणार नाहीत, ही वैद्यकात दीर्घकाळ रूढ असलेली धारणा त्यामुळे सैल झाली, आणि मोठ्या वयाच्या जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया करण्यास नवा आधार मिळाला.